अध्यक्षांचा संदेश खाली का गेला

एकोणीस मे, रविवार. हातातलं काम एकच. न्यासाच्या वेबसाइटवर अध्यक्षांचा संदेश पुन्हा सगळ्यात वर न्यायचा आणि वसतिगृहाची माहिती खाली ढकलायची. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. काम म्हणाल तर अर्ध्या मिनिटाचं: माउसने धरायचं, वर ओढायचं, सोडायचं. सकाळपासून मी लॅपटॉप उघडून बसले होते आणि ते करत नव्हते.

माझी मुलगी दोनदा डोकावून गेली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. रायपुरात जन्मलेल्या आमच्या सगळ्याच मुलांचं तसं आहे.

"मम्मी, कर दो ना ऊपर. आपका क्या जाता है?"

"माझं नाही जात. सरोजताईंचं घर जातं."

"और नहीं किया तो आपका काम जाएगा."

"जाऊ दे."

"पापा को बोलूँ?"

"बोल. त्यांनाही हेच सांगीन."

ती गेली. मी कूलरमध्ये पाणी भरलं आणि परत येऊन बसले. पुढे काय झालं ते सांगते, पण आधी धंदा समजावून सांगायला हवा.

या अंकाच्या संपादकांनी मला 'संगणक क्षेत्रातील वाटचाल' या विषयावर लिहायला सांगितलं आहे. वाटचाल एका परिच्छेदात होते. यवतमाळहून लग्न होऊन रायपूरला आले. हे रेल्वेत. तात्यापाऱ्यात एका प्रेसमध्ये लग्नपत्रिकांचं टायपिंग केलं. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, ज्याला त्याला पत्रिकेच्या आधी वेबसाइट हवी झाली, तेव्हा मी वेबसाइटी करू लागले. झाली वाटचाल. आता कामाचं बोलू.

लोकांना वाटतं, वेबसाइट म्हणजे काळ्या पडद्यावर भराभर हिरवी अक्षरं. तसंही करणारे असतील. माझ्याकडे एक प्रोग्रॅम आहे, त्यात पान तयार ठोकळ्यांनी बनतं. एका ठोकळ्यात फोटो, एकात मजकूर, एकात नकाशा, एकात फोन नंबर. ठोकळ्याला सेक्शन म्हणतात. तो माउसने धरून वर-खाली नेता येतो, झाकता येतो, उडवता येतो. मग अक्षरांचा फॉन्ट ठरवायचा, त्याचा आकार, जाडी, ओळींमधलं अंतर. एवढंच. आठवड्याभरात कोणीही शिकेल. वेळ लागतो तो एकच गोष्ट शिकायला, कोणता सेक्शन आधी आणि कोणता नंतर. कारण प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःचाच आधी हवा असतो.

चौबे कॉलोनीतले एक दातांचे डॉक्टर होते. त्यांना पहिल्या सेक्शनमध्ये बालपण हवं होतं. खेड्यातली शाळा, वडिलांचे कष्ट, मग पदव्या, मग हार घातलेले फोटो. दवाखान्याची वेळ आणि नंबर सगळ्यात शेवटी.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ज्याची दाढ ठणकते तो तुमचं बालपण वाचत नाही."

ते जरा चिडले. मग म्हणाले, "नंबर ऊपर कर दो. बचपन भी रहने दो, कहीं नीचे." वर्षभराने त्यांच्याच तोंडून ऐकलं, की नंबर वर ठेवायची कल्पना त्यांची होती. मी ती त्यांची राहू दिली. पैसे वेळेवर देणारा माणूस होता.

बूढ़ापाऱ्यातल्या एका केटररला प्रत्येक पदार्थ वेगळ्या फॉन्टमध्ये हवा होता. गुलाबजामला गोल अक्षरं, कचोरीला कुरकुरीत अक्षरं. हा शब्द त्याचाच. मी त्याला विचारलं, "भैया, थाळीत पदार्थ चाळीस देता. मीठ किती प्रकारचं घालता?"

"एकच."

"मग फॉन्टपण एकच."

तो हसला. तरी दोन घेतलेच त्याने. मी घेऊ दिले. दोनपर्यंत माझी हरकत नसते.

आणि नव्या राजधानीतलं ते एक कार्यालय. नाव सांगणार नाही, अजून तिकडे जाणं-येणं आहे. तिथे प्रत्येक साहेबाला आपला सेक्शन हवा, आणि सेक्शन ज्येष्ठतेनुसार. बदलीचे आदेश निघाले की मला फोन यायचा, "मैडम, फलाने साहब को नीचे कीजिए, नये साहब ऊपर आएँगे." मी साहेबांना वर-खाली ओढत बसायचे. एकदा एकाच आठवड्यात एक साहेब खाली गेले, स्थगिती आणून पुन्हा वर आले. ज्या योजनेसाठी साइट होती तिचा अर्ज कुठे मिळेल, हे त्या पानावर कधीच नव्हतं. मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, "वो बाद में देखेंगे." तिथे मी गप्प बसले. सरकारी काम, आपण एकटे कुठे भांडणार, असं म्हणून.

माझे स्वतःचे दोन नियम आहेत. पहिला सेक्शन त्याचा, ज्याला पानाची गरज आहे. ज्याच्या खिशातून पैसे आले त्याचा नाही. दुसरा, आपल्या स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही. काम झालं की मी खाली उतरते, जो भेटेल त्याचा मोबाइल मागते आणि त्यावर पान उघडून बघते. ऑटोवाला, भाजीवाली, कुरिअरवाला. आमच्या गल्लीत आता मला बघितलं की लोक आधीच मोबाइल काढतात.

तर तो न्यास. बूढ़ा तालाबाजवळच्या एका गल्लीत त्याची दुमजली इमारत आहे. खाली वाचनालय आणि फुकट औषधाचा दवाखाना, वर नोकरी करणाऱ्या मुलींचं वसतिगृह. नाव आणि खाणाखुणा मी बदलल्या आहेत, ओळखत बसू नका. अध्यक्षांना सगळे बापूसाहेब म्हणतात. वसतिगृह सरोजताई सांभाळतात. नवरा गेल्यावर त्या वर्ध्याहून इथे आल्या, वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मिळाली, तेव्हापासून तेच त्यांचं घर आणि तीच नोकरी. महासमुंद, धमतरी, बालोदकडच्या मुली. कोणी नर्स, कोणी दुकानात, कोणी नव्या राजधानीतल्या कार्यालयात कंत्राटी. सरोजताई त्यांना दरडावतात, त्यांच्यासाठी पोळ्या करतात आणि कोणाला ताप आला तर रिक्षा बोलावतात.

एप्रिलमध्ये बापूसाहेबांनी मला बोलावलं. न्यासाचा वर्धापनदिन मे महिन्यात. त्याआधी वेबसाइट 'देखणी' करायची होती. सोनेरी अक्षरं, सावली पडलेली, लग्नपत्रिकेवर असतात तशी.

"आणि मीनाताई, एक नवीन सेक्शन करून ठेवा. 'मंगल सभागृह'. वर्धापनदिनी जाहीर करायचं हाय."

"कुठे होणार सभागृह?"

"वरच्या मजल्यावर."

"वर तर पोट्ट्या राहतात."

"कुठं राहून राहिल्या? अर्ध्या खाटा रिकाम्या हायेत. वर्ष झालं, नवीन पोट्टी येऊन नाही राहिली. रायपूर आता राजधानी हाय, लोक हॉल मागून राहिले. जुलैपर्यंत पाहू, नाही तर भिंती काढून टाकू."

बापूसाहेब वाईट माणूस नाही, हे इथेच लिहून टाकते. न्यासाची गळकी गच्ची त्यांनीच वर्गणी फिरवून नीट केली. रायपुरात आल्यावर मला पहिलं काम यांनीच दिलं, वाचनालयाच्या निमंत्रणपत्रिका. हॉलचं भाडं आलं तर दवाखाना चालेल, असा त्यांचा हिशेब होता आणि तो काही खोटा नव्हता. फक्त त्यात सरोजताई नव्हत्या. आणि एक साधा प्रश्न त्यांनी कोणालाच विचारला नव्हता, मुली येणं थांबलं काहून?

मी घरी येऊन न्यासाची साइट मोबाइलवर उघडली. ती वर्षापूर्वी त्यांच्या भाच्याने केली होती. अध्यक्षांचा संदेश छान वाचता येत होता. खाली कार्यकारिणी, मग सत्कारांचे फोटो, मग आणखी फोटो. सातव्या सेक्शनला वसतिगृह. तिथे इंग्रजी अक्षरांचा चिवडा. 'रहने की' हे दोन शब्द असायला हवे होते तिथे जे, जी, यू, एस आणि पुढे असंच काहीतरी.

मी हे बघितल्या बघितल्या ओळखलं. आमच्याकडे सगळी कार्यालयं, कोर्टाबाहेरचे टायपिस्ट, प्रेसवाले वर्षानुवर्षं एका जुन्या जातीच्या हिंदी फॉन्टमध्ये टाइप करत आले. मीही तेच केलं. या फॉन्टची गंमत अशी, की आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांच्यावर हिंदीचा मुखवटा चढवतो. ज्या कम्प्युटरमध्ये तो फॉन्ट आहे, तिथे सुंदर हिंदी दिसते. बाकी जगात मुखवटा गळतो. कागदावर छापायचं तोवर काही बिघडत नव्हतं, कारण कागद मुखवट्यासकट बाहेर जातो. वेबसाइट तशी जात नाही. अध्यक्षांचा संदेश भाच्याने नव्या, कुठल्याही मोबाइलवर दिसणाऱ्या पद्धतीने टाइप केला होता, आणि वसतिगृहाचा मजकूर न्यासाच्या जुन्या फाइलीतून उचलून जसाच्या तसा चिकटवला होता. मग न्यासाच्या कार्यालयातल्या कम्प्युटरवर उघडून पाहिला. तिथे तो बरोबरच दिसणार.

वर्षभर राजधानीत नोकरीला येणाऱ्या मुलींनी 'रहने की जगह' शोधली असेल, या पानापर्यंत आल्या असतील आणि चिवडा बघून परत गेल्या असतील.

दुसऱ्या दिवशी मी बापूसाहेबांना सांगितलं. त्यांनी कार्यालयातला कम्प्युटर माझ्याकडे वळवला. "हे पाहा. बरोबर दिसून राहिलं."

"इथे दिसतं. बाहेर नाही."

"बाहेर म्हणजे कुठं?"

मी त्यांना खाली चहाच्या टपरीवर नेलं. टपरीवाल्याने विचारायच्या आधीच मोबाइल दिला. पान उघडलं, सातव्या सेक्शनपर्यंत खाली गेले, दाखवलं. बापूसाहेबांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं.

"याचा मोबाइल स्वस्तातला हाय," ते म्हणाले.

"काय बात करते हो साहब," टपरीवाला म्हणाला, "किस्त चल रही है इसकी."

"बापूसाहेब, पोट्ट्यांचेही असेच असतात," मी म्हटलं.

"मग करून टाका दुरुस्त. तेवढ्यासाठी मले उन्हात काहून आणलं?"

केलं दुरुस्त. मजकूर नव्या पद्धतीने टाइप केला. फॉन्ट साधा, जाड, बिनसावलीचा घेतला. बसमध्ये उन्हात मोबाइल धरणाऱ्या मुलीला सोनेरी अक्षर दिसत नाही, काळं दिसतं. फोन नंबर आधी एका फोटोत कोरलेला होता, भोवती फुलं. फोटोतला नंबर दाबून फोन लागत नाही. मी तो अक्षरांत लिहिला, बोट ठेवलं की थेट सरोजताईंचा फोन वाजेल असा.

पंधरवडा गेला. फोन काही वाजला नाही. सरोजताई म्हणाल्या, "मीना, तू केलं ते चांगलंच केलं असशील. पण मले काही फरक दिसून नाही राहिला."

मी वर गेले. दुलारी नावाची एक मुलगी, धमतरीकडची, नर्स, रात्रपाळी करून आली होती. तिला म्हटलं, तू इथे राहत नाहीस असं समज आणि या साइटवर राहायची जागा शोध. दुलारीने अंगठ्याने पान सरकवलं. संदेश. कार्यकारिणी. हार, शाल, नारळ. तिसऱ्या फोटोवर ती थांबली आणि मोबाइल मला परत दिला.

"दीदी, ये तो नेता मन के साइट ए." म्हणजे, ही तर पुढाऱ्यांची साइट.

"पुढे जा ना."

"काबर?" म्हणजे, काहून?

आणि ती झोपायला गेली.

त्या गुरुवारी मी वसतिगृहाचा सेक्शन धरला आणि पहिल्या नंबरवर नेला. कोणाला विचारलं नाही. वर जाड अक्षरांत एकच ओळ, 'नौकरी करने वाली बहनों के लिए रहने की जगह. कमरे खाली हैं.' खाली नंबर. मग वाचनालय, मग दवाखाना. कार्यकारिणी, फोटो आणि संदेश त्यांच्या खाली. काहीही काढलं नाही, एक शब्दही नाही. संदेश शेवटच्या नंबरवर गेला एवढंच.

शुक्रवारी सरोजताईंचा फोन वाजला. शनिवारी पुन्हा. एक मुलगी येऊन खोली बघूनही गेली. आणि शनिवारी दुपारी बापूसाहेबांचा मला फोन आला.

"मीनाताई, माझा संदेश कुठं गेला?"

"आहे ना. खाली आहे."

"खाली काहून?"

"वर वसतिगृह आहे."

"अहो, उद्या पाहुणे येऊन राहिले. बटण दाबून उद्घाटन करतील. पहिल्यांदा काय दिसल? पोट्ट्यांच्या खाटा?"

"हो."

त्यांचा आवाज बदलला. "हे पाहा, उद्या पाचच्या आत पहिल्यासारखं झालं पाहिजे. नाही तर न्यासाचं काम आपण दुसऱ्याले देऊ. आणि मेंबर लोकांचंही मी काही सांगू शकत नाही."

ही धमकी पोकळ नव्हती. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्या न्यासाच्या मेंबरांतून आलेली. केटरर त्यातलाच, डॉक्टरही.

म्हणून रविवारी सकाळपासून मी लॅपटॉप उघडून बसले होते. घाबरले नव्हते म्हणणार नाही. पण जितका वेळ बसले तितकं मला स्पष्ट दिसायला लागलं, की सरकारी कार्यालयात मी गप्प बसले तेव्हा अर्ज न मिळालेली माणसं मला दिसत नव्हती. इथे सरोजताई दिसत होत्या. सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी साइटचं नावही काढलं नाही. त्यांनी विचारलं, "मीना, वर्ध्याकडे एखादी खोली भाड्याने मिळते का गं? तुझ्या ओळखीत कोणी?"

साडेचारला मी लॅपटॉप मिटला. साडी बदलली. संदेश होता तिथेच होता.

वाचनालयात खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे मेंबर, मागे बायका. प्रोजेक्टर लावायचं काम माझंच, त्यामुळे मी स्टेजच्या कडेला. बापूसाहेब पाहुण्यांच्या शेजारून उठून माझ्याजवळ आले, चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून.

"केलं?"

"नाही."

"आता करा. दोन मिनिटं हायेत."

"नाही करणार, बापूसाहेब."

"मीनाताई, तुम्ही काहून ऐकून नाही राहिल्या?"

"तुमचा संदेश मी वाचला आहे. चांगला आहे. पण त्याची वाट बघत बसस्टँडवर कोणी उभं नाही."

मागून कोणीतरी 'चलिए साहब' म्हटलं आणि त्यांना जावं लागलं.

पाहुण्यांनी बटण दाबलं. भिंतीएवढ्या पडद्यावर जाड काळी अक्षरं आली. पाहुणे मोठ्याने वाचायला लागले, "नौकरी करने वाली बहनों के लिए रहने की जगह. कमरे खाली हैं." त्यांना वाटलं, कार्यक्रमाचा हाच भाग आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे बायकांमध्ये कुजबुज झाली. एक बाई म्हणाली, "अगं, सुरूच आहे का हे? मला वाटलं कधीच बंद झालं." दुसरीने मोबाइल उचलून पडद्याचा फोटो काढला. मग आणखी दोघी-तिघींनी काढला.

बापूसाहेब माइकवर आले. त्यांनी संदेशाचं नाव घेतलं नाही, पण सभागृहाचं घेतलं. काळाची गरज, राजधानी, उत्पन्नाचं साधन. जुलैपर्यंत खाटा रिकाम्या राहिल्या तर वरचा मजला सभागृहाला. मी खाली बघत केबल गुंडाळत होते.

मागच्या रांगेतून सरोजताई उठल्या. मी त्यांना कधी चार माणसांत बोलताना ऐकलं नव्हतं. त्या बसल्या जागेवरूनच बोलायच्या, तेही मुलींना. आता उभ्या होत्या.

"आणि भरल्या तर?"

"काय?"

"खाटा. भरल्या तर काय, बापूसाहेब?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. बापूसाहेबांनी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुणे उत्सुकतेने त्यांच्याकडे बघत होते.

"भरल्या तर," ते म्हणाले, "भरल्या तर प्रश्नच नाही. वसतिगृह राहील."

"लिहून घ्या ना हे कोणी तरी," सरोजताई म्हणाल्या आणि खाली बसल्या. बायका हसल्या. बापूसाहेबही हसले, पण उशिरा.

चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही. "उद्यापासून तुमचं काम बंद. पासवर्ड भाच्याकडे देऊन टाका." मी तिथेच कागद मागितला, पासवर्ड लिहिला, भाच्याच्या हातात दिला. साइट न्यासाची होती. माझी नव्हती, मी ती कधी माझी म्हटलीही नाही. त्यानंतर बापूसाहेबांनी माझ्याशी बोलणं सोडलं. याचं मला वाईट वाटतं. पहिलं काम देणारा माणूस आहे. केलं त्याचं वाईट वाटत नाही.

बाहेर सरोजताई थांबल्या होत्या.

"आता तो पोट्टा रात्रीच सगळं खाली टाकीन," त्या म्हणाल्या.

"टाकेल."

"मग?"

"तुमचा मोबाइल नंबर न्यासाचा आहे का?"

"माझा हाय. मीच भरते त्याचे पैसे."

"आणि मुली घ्यायच्या की नाही, कोण ठरवतं?"

"मीच ठरवते. इतकी वर्षं काय हे बापूसाहेब दारावर बसून राहिले होते?"

"झालं तर," मी म्हटलं. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले. न्यासाच्या साइटवर अध्यक्षांचा संदेश वर आलेला होता, सोनेरी, सावलीसकट. मी ते पान बंद केलं आणि नवीन पान उघडलं. एकच सेक्शन. वर सरोजताईंच्या वसतिगृहाचा पत्ता, मध्ये 'कमरे खाली हैं', खाली भाडं, जेवणाची वेळ, दार किती वाजता बंद होतं ते आणि नंबर. फोटो एक, वरच्या मजल्यावरच्या खिडकीचा, दुलारीने काढलेला. फॉन्ट एक. कोणाचाही संदेश नाही. ज्या बायकांनी पडद्याचा फोटो काढला होता त्यांना ते पान पाठवलं आणि म्हटलं, तुमच्या ओळखीत जिला नोकरी लागली असेल तिला द्या.

घरातलं आवरेपर्यंत सरोजताईंचा फोन आला. श्वास लागला होता. "मीना, हे काय करून ठेवलं? सकाळपासून फोन सुरू हाय. एकीशी बोलून राहिली तर दुसरीचा. ड्यूटीच्या पोट्ट्या जेवायच्या थांबल्या हायेत. मी पोळ्या करू का फोन घेऊ?"

"फोन घ्या. आले मी."

स्कूटर काढली आणि बूढ़ा तालाबाजवळ वसतिगृहात गेले. न्यासाचं कार्यालय अजून उघडलं नव्हतं. वर जाऊन पदर खोचला आणि लाटायला बसले. दुलारी गणवेश घालून ताट घेऊन उभी होती. पहिल्या दोन पोळ्या जाड झाल्या, तिने मुकाट्याने घेतल्या. सरोजताई बाहेर व्हरांड्यात एका कानाला मोबाइल, दुसऱ्या कानावर हात ठेवून, गल्लीच्या आवाजावर मात करत ओरडत होत्या, "हव बेटा, हव, जगह है. तुम आओ तो. कब की बस है?"